भुंग्यासाठी डॉक्टर

शाळेच्या बसचं मागचं चाक नेमकं गोदामाच्या फाटकासमोर बसलं. मुलं आधीच उतरून गेली होती. बसमध्ये उरली होती बस चालवणारी ताई आणि तिच्या सीटशेजारी पाय पसरून झोपलेला तिचा कुत्रा भुंग्या. गॅरेजात काम करणारा धाकटा भाऊ तिचा फोन आल्यावर कुरकुरत आला आणि दोघं चाक बदलायला बसली. भुंग्या खाली उतरला, फाटकाच्या खांबाशी तंगडी वर केली, आणि तेवढ्यात आतून कोतवाल सुटला.

कोतवाल म्हणजे गोदामाच्या राखणदाराचा कुत्रा, वासराएवढा. तो भुंकलासुद्धा नाही. त्यानं भुंग्याची मान धरून त्याला आपटलं, मग पुढचा पाय जबड्यात घेऊन असा झटकला की हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. भाऊ लाथा घालत होता, पण कोतवाल ढिम्म. ताईच्या हातात चाकाचा लोखंडी पाना होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या बरगड्यांवर हाणला. पुन्हा हाणला. त्यानं भुंग्याला सोडलं तरी तिचा हात थांबेना. तो फाटकाकडे वळला, तेव्हाही तिनं मागून एक घातलाच.

"ताई, बस कर! सोडलं त्यानं!" भाऊ ओरडला.

भुंग्याला भावाच्या गॅरेजमालकाच्या गाडीत घालून ती दोघं काचेच्या दारांच्या मोठ्या दवाखान्यात पोचली. बडी माणसं आपली कुत्री तिथेच नेतात, एवढीच भावाची माहिती. तिथल्या डॉक्टरनं भुंग्याचं तोंड पट्टीनं आवळलं, पाय टेबलाला करकचून बांधले, मोडलेलासुद्धा, आणि सरळ मानेच्या जखमेत टाक्याची सुई घुसवली.

"भूल नाही देणार?" ताईनं विचारलं.

"चार टाक्यांना कसली भूल? जनावर आहे ते."

आवळलेल्या तोंडातून भुंग्या असा किंचाळला की टेबल हादरलं. डॉक्टरनं हातातला चिमटा फाडकन त्याच्या नाकावर मारला. "गप! यांना मारच कळतो."

ताई पट्टे सोडायला लागली. डॉक्टरनं तिचं मनगट पिरगाळलं. "ओ बाई, मला शिकवू—"

पुढचं भावानं ऐकलंच नाही. त्याच्या ठोशानं डॉक्टर औषधांच्या कपाटावर जाऊन आदळला, काचांचा खच पडला. उठता उठता त्यानं स्टीलचा ट्रे भावाच्या कपाळावर घातला. भुवई फुटली. एका हातानं रक्त पुसत, दुसऱ्यानं रस्ता मोकळा करत भाऊ म्हणाला, "ताई, पट्टे सोड, उचल त्याला. चल."

दवाखान्याच्या दारात बसून नावं लिहून घेणारी मुलगी त्यांच्यामागे धावत आली. "पाण्याच्या टाकीमागे एक डॉक्टरबाई आहेत," ती हळूच म्हणाली. "माझी मांजर मी तिकडेच नेते. इथे सांगू नका हं."

टाकीमागच्या दोन खोल्यांत डॉक्टरबाई एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या. भुंग्याला टेबलावर ठेवायचं नाही म्हणाल्या, स्वतःच फरशीवर बसल्या. आधी त्या लोंबत्या टाक्याकडे पाहिलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. मग तोंडाची पट्टी सोडून हात पुढे केला. भुंग्या त्याला कचकन चावला. दात तळव्यात रुतले, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. बाईंनी हात ओढला नाही. ओठ मिटून, मान दुसरीकडे वळवून त्या तशाच बसून राहिल्या. भुंग्याचा जबडा आपोआप सैल पडला.

"घाबरलाय बिचारा," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या हातानं भुलीचं इंजेक्शन दिलं. "मान शिवते. पाय मात्र जाईल. उगाच आशा लावत नाही."

"जीव?"

"तो वाचेल असं वाटतंय."

चावलेला हात बांधून बाईंनी मान शिवली; पाय खांद्यापासून गेला. बाई हातमोजे उतरवत होत्या, तोच दार धाडकन उघडलं. राखणदार होता, खांद्यावर कोतवालला घेतलेला. कोतवालच्या तोंडातून लाल फेस येत होता. राखणदारानं ताईला पाहिलं.

"हीच ती! लांबून पाहिलं मी!" कुत्र्याला खाली ठेवून तो धावला. भाऊ आडवा आला. दोघं एकमेकांचे गळे धरून भिंतीवर आदळले, बाक मोडलं.

"माणसांनी बाहेर मरा!" बाई कडाडल्या. "आणि तू," त्यांनी ताईकडे बोट केलं, "याला धर. माझा एकच हात धड आहे."

कोतवाल मेलेला बरा, असं ताईला आतापर्यंत वाटत होतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तळव्याखाली मोडलेल्या बरगड्या करकरत होत्या. बाईंनी नळी घातली, रक्त उपसलं, पुन्हा उपसलं. कोतवालनं ताईचं बोट एकदा चाटलं आणि तिच्या हातांखालीच त्याचा श्वास थांबला.

"बरगडी फुप्फुसात घुसली होती," बाईंनी परत आत आलेल्या राखणदाराला सांगितलं.

"मी मारलं," ताई म्हणाली. "सोडल्यावरही मारलं."

राखणदारानं तिच्या थोबाडीत दिली. ती कोलमडली. भाऊ झेपावला, तर तिनंच त्याचा शर्ट धरून ठेवला. राखणदारानं पुन्हा हात उगारला, पण तो तसाच खाली आला. कोतवालशेजारी फरशीवर बसून तो मोठ्यानं रडायला लागला.

भुंग्या जगला. तीन पायांवर तो आधी धडपडला, मग बसच्या पायऱ्या चढायला शिकला. शेजारीपाजारी चांगला डॉक्टर कोणता म्हणून विचारायचे, तेव्हा भाऊ कपाळावरचा व्रण दाखवत दोन्ही दवाखान्यांची गोष्ट रंगवून सांगायचा. ताई तेवढ्यात उठून बसकडे जायची.

एका सकाळी ती गोदामाच्या फाटकाशी गेली. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, पण राखणदार समोर येताच सगळं विसरली.

"तुझा जगला का?" त्यानंच विचारलं.

"जगला, काका."

"बरं झालं," तो म्हणाला आणि फाटक लावून आत गेला.