बंद केले गेले असावे

‘शीतकक्ष क्रमांक दोनचे दार बाहेरून बंद केले गेले असावे. त्या वेळी सदर महिला कामगार आत झोपलेली असू शकेल. आतील मूठ फिरवून दार उघडले जाऊ शकले असते.’

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर, महामार्गालगतच्या एका द्राक्ष-पॅकहाउसचे लंकाबाईच्या मृत्यूबद्दलचे अधिकृत म्हणणे एवढेच आहे. मूळ इंग्रजीत आहे, कारण ते लंकाबाईच्या घरच्यांसाठी नव्हे, परदेशातल्या खरेदीदारांसाठी लिहिले गेले. इंग्रजी निर्दोष आहे, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. मस्ट हॅव बीन क्लोज्ड, मे हॅव बीन स्लीपिंग, कुड हॅव बीन ओपन्ड. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर हीच रूपे शिकवली, आणि एवढ्या सफाईने ती योजणारा विद्यार्थी मला क्वचितच लाभला.

‘मस्ट’ हे अनुमानाचे क्रियापद आहे. जे प्रत्यक्ष दिसले नाही पण पुराव्यावरून मानावे लागते, त्याच्यासाठी ते वापरतात. सकाळी दार उघडणाऱ्याला कडी बाहेरून घातलेली आढळली. अशा दाराविषयी ‘ते बंद केले गेले असावे’ असे अनुमान करणे ही प्रेताविषयी ‘याचा श्वास थांबला असावा’ असे म्हणण्याइतकी सावधगिरी झाली. अनुमान करण्याजोगी गोष्ट एकच होती: कडी कोणी घातली. कर्मणी रचनेत कर्ता सांगणे ऐच्छिक असते. अहवालाने त्या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला.

हा अहवाल माझ्याकडे लंकाबाईची मुलगी तेजस्विनी घेऊन आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. इंदिरानगरला एका खोलीत भाड्याने राहून खाजगी नोकरी करते. आई गावाकडे एकटी, द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसला जाणारी. त्या संध्याकाळी लंकाबाई घरी परतली नाही, तेव्हा शेजाऱ्यांना वाटले की लेकीकडे गेली. लेकीला वाटले की आई घरीच आहे. आता कंपनीला तेजस्विनीची सही हवी होती: अहवाल वाचला, समजला, मान्य आहे. सोमवारी तिला बोलावले होते. तोवर गावात पसरलेच होते की बाई काम चुकवून आत जाऊन झोपली.

तिला इंग्रजी कळत नव्हते असे नाही. तिला दुसरेच विचारायचे होते.

“मॅडम, दार एकदा लागलं आणि संपलं,” ती म्हणाली. “पण हे ‘बीन स्लीपिंग’ संपत नाही. मी वाचते तेव्हा आई आत असते. ती खरंच झोपली असेल तर मी सही करीन. पण ती जागी असेल, तर मग ती आत काय करत असेल?”

व्याकरणात चालू क्रियेला आरंभ आणि शेवट दाखवावा लागत नाही. ती फक्त चालू असते. तेजस्विनीने घरमालकिणीला विनवून जिन्याखालचा फ्रिज बंद करवला होता. त्याची घरघर सुरू झाली की तिला भिंतीपलीकडे कोणी तरी हलल्यासारखे वाटे. त्या रात्रीपासून मीही स्वयंपाकघरातला दिवा मालवायचे टाळू लागले, हे इथे नोंदवते. त्याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. मॅनेजर मीटिंगमध्ये होते, म्हणून आम्हाला पॅकिंग हॉलच्या दाराशी थांबावे लागले. आत पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया लांब टेबलांशी घड निवडत होत्या. पेट्यांची एक गाडी दोन नंबरच्या चेंबरकडे, त्याच शीतकक्षाकडे, निघाली, तेव्हा ती ढकलणारी नवसाबाई दारापाशी थबकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “लंकाबाई, आम्ही येतोय गं.” मग आत गेली. बाहेर आल्यावर तिने तेजस्विनीला ओळखले आणि जवळ येऊन तिचा हात धरला. ती लंकाबाईच्याच टेबलावर काम करायची.

मी आतल्या मुठीविषयी विचारले. नवसाबाईने मला चेंबरमध्ये नेऊन दाखवली. मी दोन्ही हातांनी जोर केला. मूठ हलली नाही. माझी बोटे मात्र बधिर झाली.

“ती मागच्या सीझनपासून फिरत नाय,” नवसाबाई म्हणाली. “बर्फ धरती. समद्यांना ठाव हाय.”

म्हणजे तिसरे वाक्यही गेले. उरले झोपेचे.

बाहेर येताना मला हॉलच्या दाराशेजारी भिंतीवर खिळ्यांची एक रांग दिसली. प्रत्येक खिळ्यावर रुमालात किंवा रिबिनीत बांधलेल्या काचेच्या बांगड्या टांगलेल्या होत्या. परदेशी पाठवायच्या मालाच्या हॉलमध्ये काच न्यायला बंदी असते. पेटीत एक कपचा सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो. सवाष्ण बायांनी आधी नकार दिला होता, मग तोड निघाली: मनगटाला हळदीचा दोरा, बांगड्या दाराशी आपापल्या खिळ्यावर, आणि घरी जाताना त्या पुन्हा हातात. कोणतीही बाई मोकळ्या हातांनी घरी जात नाही. नवसाबाई सांगत होती की सुपरवायझर रविराज त्यामुळे हजेरी घेतच नाही. खिळे रिकामे झाले की हॉल रिकामा झाला. मग तो चेंबर लावतो.

“आणि आईचा खिळा?” तेजस्विनीने विचारले.

नवसाबाईने तिचा हात सोडला. “तिला कुठला खिळा, बाळा? तुझे वडील गेल्यापासून तिच्या हातात काच व्हती का?”

मी भिंतीकडे पाहत राहिले. नवसाबाईच्या सांगण्याप्रमाणे शेवटच्या पेट्यांवर कागद घालायला रोज लंकाबाईच आत जायची, कारण बांगड्या भरायच्या नसल्याने तिला निघायची घाई नसे. बाकीच्या बाया दाराशी थट्टामस्करी करत हात भरून घेत, तेव्हा ती आत एकटी असे. अहवालाच्या वाक्यात कर्त्याला जागा नव्हती. या भिंतीवर तिला नव्हती. मला त्या दोन रचनांमधले साम्य इतके नेमके वाटले, की राग यायलाही थोडा वेळ लागला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये रविराज आधीच उभा होता. तिशीचा, दाढी वाढलेला, नजर जमिनीवर. मॅनेजरांनी चहा मागवला आणि मला हसून विचारले की मॅडम, आमचं इंग्रजी तपासलंत का, काही चुका असतील तर सांगा.

“चूक एकही नाही,” मी म्हणाले. “बाईंना मारणारा कोणी नाही, एवढंच त्यातून निघतं. तेच लिहायचं होतं ना?”

ते म्हणाले की शब्दांवर जाऊ नका, दुःख आम्हालाही आहे. मी त्यांना मुठीविषयी सांगितले, खिळ्यांविषयी सांगितले. त्यांनी कागद तेजस्विनीपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवले. बाई झोपेत गेली, तिला त्रास झाला नाही, यातच समाधान माना, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तेजस्विनीने पेन उचलले. मग ते हातात तसेच धरून ती मॅनेजरांकडे नाही, रविराजकडे वळली.

“दादा, तुम्ही दार लावलंत. एवढंच सांगा, आई झोपली होती का?”

मॅनेजर म्हणाले की त्याला काय माहीत असणार. रविराजने मान वर केली. तो बोलू लागला तेव्हा मॅनेजरांनी दोनदा त्याचे नाव घेतले; तो थांबला नाही. तेजस्विनीने पेन खाली ठेवले. तो जे बोलला ते मी तिथेच, अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, त्याच्याच शब्दांत उतरवून घेतले. त्यात मी काही दुरुस्त केलेले नाही.

“नाय ताई, झोपली नव्हती. दार मीच लावलं. खिळे रिकामे व्हते, म्हणून आत बघितलंच नाय. कडी घातली आन् निघालो, तर आतून ठोकायचा आवाज आला. सावकाश, थांबून थांबून. मी परत खिळ्यांकडं बघितलं. समद्या बाया गेलेल्या, मग आत कोण ठोकील? मला वाटलं, हे माणूस नाय. मी देवाचं नाव घेतलं. तरी थांबंना, म्हणून गारव्याचा दुसरा कॉम्प्रेसर चालू केला, म्हंजी ऐकू येणार नाय.”