एका पेल्याचं पुण्य

मौनी महाराजांचा फायदा आधी मांडू: सभागृहभर अशी माणसं, जी कशालाच हरकत घेत नाहीत. असे श्रोते मिळाले तर मीही महाराज होईन.

रोज सकाळी प्रत्येकाला शांतिजलाचा एक पेला. रडणारे, भांडणारे, अंगात येणारे, सगळे तासाभरात लोण्यासारखे मऊ. नाव मौनी, पण तोंड अखंड चालू: "मन म्हणजे माकड! माझं जल त्याला झाडावरून उतरवतं!" उतरायचं खरं, काही भक्त खुर्चीवरूनही उतरायचे.

फक्त शिंपीणबाईंपुढे चमत्कार फसला. पेला रिकामा करून त्या पुढच्या बाईच्या झंपराची उसवलेली शिवण न्याहाळत टक्क जाग्या बसल्या.

"हिच्या पोटात पाप आहे," महाराजांनी निकाल दिला. गिऱ्हाइकं तुटली. रोजचा पेला घेणारी सख्खी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, माझ्या दारात येऊ नकोस."

या धाकटीची मुलगी औषधशास्त्र शिकवते. तिनं आईच्या पेल्यातलं उरलेलं जल तपासून आणलं आणि शिंपीणबाईंचं घर गाठलं.

"मावशी, झोपेची गोळी कधीपासून घेतेस?"

"तुझे काका गेले तेव्हापासून. आता फुटाण्यासारखी खाते, तरी डोळा लागत नाही."

"त्याच जातीचं औषध त्या पाण्यात आहे. तुझा मेंदू त्याला सरावलाय. पाप कसलं डोंबलाचं!"

दुसऱ्या सकाळी मावशी थेट पुढे गेली. "महाराज, माझं पाप जुनं आहे. एका पेल्यात नाही भागायचं." आणि शांतिजलाचा अख्खा जग उचलून ओठांशी नेला.

महाराजांनी आसनावरून उडी मारली, जग हिसकावला. "अगं बये, मरशील!"

"पुण्यानं कोण मरतं हो?" मावशीनं खणखणीत विचारलं.

भाची पुढे आली. "मेंदूच्या पेशींवर त्यांना शांत करणारी दारं असतात. मावशी पाच तुकडे जोडून झगा शिवते ना, तसंच एकेक दार. बहुतेकांत दोन तुकडे अल्फा नावाचे, दोन बीटा, एक गॅमा. अल्फा-गॅमाच्या शिवणीत हे औषध बसतं आणि मेंदूचा स्वतःचा शांतवणारा रेणू आला की दार जास्त वेळा उघडतं. अल्फाचेही प्रकार आहेत: एकामुळे पेंग येते, दुसऱ्यामुळे भीती ओसरते. रोज घेतलं की ही दारं हळूहळू दाद देईनाशी होतात. मग पेला चुकला की थरथर, घबराट. त्यालाच हे महाराज 'भूत परतलं' म्हणतात."

"आजच सोडतो!" मागून कुणी ओरडलं.

"मुळीच नाही! एकदम सोडलंत तर झटके येतील. डॉक्टरांना विचारून, हळूहळू."

तेव्हा बाबांनो, चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढं विचारा: यात काय आहे, आणि जास्त झालं तर काय होतं? उत्तराऐवजी शाप मिळाला, तर उठून चालू लागा.

आता हिशेब. महाराज पोलिसांच्या गाडीतून गेले. त्यांचं गेलं ते फक्त आसन, तेही भाड्याचं. किंमत मोजली धाकटीनं. कित्येक महिने तिचे हात कापत राहिले, आणि ते हातात घेऊन बसायला तिच्याच दारातून रोज आत यायची ती पापी ताई.