पाचर उद्या ठोकू

मी कुऱ्हाड बोलतेय. फार मोठं काही समजू नका. हातभर दांडा, तळहाताएवढं पातं. झाडं पाडणाऱ्या वेगळ्या. मी काटक्या आणि मनगटाएवढ्या फांद्यांपुरती.

लोखंडी सामानाच्या दुकानात एका पिंपात आम्ही पंधरा-वीस जणी उभ्या होतो. दुकानातला सगळ्यात स्वस्त माल. दांडा कच्च्या लाकडाचा, वरून लाल रंग फासलेला, म्हणजे आतलं दिसायला नको. एक म्हातारा आला, जन्मभर गवंडीकाम केलेला. सोबत बायको. त्याने मला उचलून हवेत दोनदा फिरवलं.

"ही चालेल."

"पातं हलतंय तिचं," बायको म्हणाली.

"सगळ्यांचंच हलतं. घरी गेलो की पाचर ठोकतो."

दुकानदार म्हणाला, "आजोबा, बारीकसारीक कामालाच हां. ओंडक्यावर घातलीत तर परत आणू नका."

घरी गेल्यावर पाचर राहिली. पाचर म्हणजे लाकडाची चपटी खुंटी. ती दांड्याच्या डोक्यात ठोकली की पातं हलत नाही. दहा मिनिटांचं काम. लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करणाऱ्याला ते उरकेना. आज नको, उद्या.

मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. रोज सकाळी तो माझ्याकडून काटक्या फोडून घ्यायचा. दुपारी तो आडवा झाला की बायको मला बादलीत डोक्यावर उभी करायची. पाणी पिऊन दांडा फुगायचा, पातं घट्ट बसायचं. चहाच्या आधी मला बाहेर काढून, फडक्याने पुसून खिळ्याला टांगायची. मग त्याला उठवायची.

"अहो, पाचर ठोका ना एकदा."

"कशाला? बघ, तसूभर हलत नाही. माल ओळखता यावा लागतो."

"हो का," ती म्हणायची आणि बादली रिकामी करायची.

अशी सात वर्षं गेली.

मग ती गेली. आठवडाभराचं आजारपण. मला काय वाटलं विचाराल, तर काही नाही. लोखंडाला काय वाटायचंय? दुपारी कोणी आलं नाही, एवढंच कळलं. दुसऱ्या दिवशीही नाही. दांडा सुकत गेला. म्हातारा काटक्या हाताने मोडायचा, नाहीतर गार पाण्यानेच आंघोळ उरकायचा.

महिन्याभराने मुलगी आली.

"बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला."

"मला काय धाड भरलीय? तुझ्या आंघोळीचं पाणी मीच तापवतो. बस बघत."

त्याने मला खिळ्यावरून काढलं. पहिला घाव लागला. दुसऱ्याला हात उचलला आणि मी दांड्यातून सुटले. मुलीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळले. गिलाव्याचा पोपडा पडला. म्हाताऱ्याच्या हातात नुसता दांडा.

मुलगी खाली बसली. म्हणाली, "आई रोज भिजवायची हिला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्याने कोपऱ्यातली बादली घेतली, आत बघितलं. तळाशी गंजाचा डाग होता, माझ्याच मापाचा. तो बघतच राहिला.

"कपडे भर माझे," म्हणाला.

ती कपडे भरत होती, तेवढ्यात त्याने बायकोच्या बसायच्या स्टुलाचा मोडका पाय तासला. पाचर केली. मला दांड्यात बसवून चार ठोके दिले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आता नाही हलत," तो म्हणाला. अंगणात कोणी नव्हतं.

घराला कुलूप आहे. मी खिळ्याला टांगलेली आहे. दांडा कोरडा ठणठणीत आणि पातं जागच्या जागी. खाली बादली पालथी पडलीय. फोडायला काही नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिचं पातं हलवून बघा. हलत असेल तर आजच पाचर ठोका. हलत नसेल, तर का हलत नाही ते घरात विचारा.