एकशेसात नंबरची ओळ

"पुन्हा घाल," निमकर साहेब म्हणाले.

सुदामने यंत्रातले दाणे काढले, दुसरे मूठभर घातले आणि झाकण दाबलं. आकडा तोच आला, सोळा. शेजारच्या ताटलीतल्या दाण्यांचा ओलावा मात्र बावीस टक्के आला होता. दोन्ही दाणे मक्याच्या एकशेसात नंबरच्या ओळीतले होते, त्याच सकाळी तोडलेल्या कणसांचे.

"एका ओळीत सहा टक्क्यांचा फरक?"

"मशीन बिघडलं असंल, साहेब."

"मशीन कालच तपासलंय. माणसं तपासायची राहिलीत."

शहापूरजवळ कालव्याच्या पाण्यावर बियाणं कंपनीचं हे चाचणीचं शेत होतं. सुदाम तिथे बारा वर्षं होता. पावसाळ्यात घरचं भात, दिवाळीनंतर कंपनीचा मका. तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधायच्या, त्यात पडलेले पराग ठरलेल्या कणसाच्या केसांवर टाकायचे, नंबराच्या चिठ्ठ्या अडकवायच्या. आणि फेब्रुवारी सरता सरता दर सोमवारी प्रत्येक ओळीतली चार कणसं तोडून ओलावा बघायचा. कंपनीला भरपूर दाणा देणारं आणि तोडणीपर्यंत आपणहून वाळणारं वाण हवं होतं. ओला दाणा पोत्यात बुरशी धरतो, व्यापारी तो घेत नाही. एकशेसातचं कणीस वीतभर लांब भरायचं, पण तीन वर्षं त्याचा ओलावा कधी वर, कधी खाली. त्यामुळे ते मागे पडलं होतं.

पुण्याहून नव्याने आलेल्या निमकरांचा तर्क सरळ होता. कुणीतरी उभ्या झाडावरच कणसं सोलून ऊन देतंय, ते वाण पुढे जावं म्हणून.

"ओलाव्याची वही तुझ्याकडे असते," ते म्हणाले. "संशय आधी तुझ्यावरच येतो."

 बारा वर्षांत सुदामने एक चिठ्ठी इकडची तिकडे केली नव्हती. पण त्याला आठवलं, गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत लहानी एकटीच त्या ओळीत उभी होती. त्याने हाक मारल्यावर दचकली होती, हात मागे घेतला होता.

"त्या ओळीत लहानी असते," तो बोलून गेला.

लहानी वरच्या ठाकूरवाडीची. आठ वर्षं ती त्याच्या हाताखाली काम करत होती. एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नसे. दुपारी बांधावर बसून तिची भाकरी आणि त्याचा भात दोघांत व्हायचा. नाव घेतल्यावर सुदामला वाटलं, उगाच बोललो. मग वाटलं, नाहीतरी ती दचकलीच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाल्यावर साहेब आणि तो शेजारच्या वाफ्यात दडून बसले. मक्याची वाळकी पानं मानेला कापत होती. थोड्या वेळाने लहानी आली. तिने मागेपुढे पाहिलं, एक कणीस हातात धरलं.

"काय करतेस?" निमकर ओरडले.

ती गर्रकन वळली. तिच्या मुठीत केळीच्या सोपटाच्या ओल्या पट्ट्या होत्या.

"उघडून ठेवतेस ना कणसं?"

"उघडीत नाय, साहेब. बांधते."

"काय?"

"ह्याची पानं आपसूक सुटतात. बाकीच्यांच्या आधी पिवळी पडतात नि कणीस खाली मान टाकतं. मंग पोपट बसतात. मागले साहेब दाणे खाल्लेले बघून सुदामदादाला सगळ्यांसमोर काय नाय ते बोलले. तवापासून जमतील तेवढी बांधते. तोडताना सोडून टाकते."

निमकर ओळीत शिरले. न बांधलेलं एक कणीस त्यांनी हलवलं. पानं सैल होती, दाण्यात नख रुतत नव्हतं. मग बांधलेलं सोडलं, आत हात घातला. ओल होती. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा कडक झाला.

"म्हणजे हे वाण मुळातच लवकर वाळतं. आणि तू बांधून बांधून तीन वर्षांचे आकडे नासवलेस!"

"मला काय ठावं, साहेब?"

"विचारायचं होतं! ओळीला हात लावायचा नाही, एवढं कळत नाही?"

सुदाम मध्ये पडला. "चुकी माजी, साहेब. मीच तिला सांगाया पायजे व्हतं."

लहानी त्याच्याकडे वळली. शेजारच्या वाफ्यातल्या पानांत त्याची आणि साहेबांची बसण्याची जागा दबलेली दिसत होती.

"माझं नाव कोणी घेतलं?" तिने विचारलं.

निमकरांची नजर क्षणभर सुदामकडे गेली. लहानीने पट्ट्या खाली ठेवल्या. बांधावरचा डबा उचलला आणि कालव्याच्या कडेने चालू लागली. सुदामने दोनदा हाक मारली.

पुढच्या तीन सोमवारी एकशेसातची कणसं तशीच मोकळी ठेवली. ओलावा पंधरावरून चौदावर आला, मग तेरावर. दाण्याचं वजन आसपासच्या सगळ्या ओळींहून जास्त भरलं. निमकरांनी सुदामच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "त्या बाईला बोलव. पुढच्या वर्षी असली पारखी नजर हवी आपल्याला."

रविवारी सुदाम डोंगर चढून वाडीवर गेला. लहानी अंगण सारवत होती. त्याला पाहून तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि शेजारच्या पोरीला काहीतरी सांगितलं. पोर पळत गेली आणि निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. वाडीत तेवढी एकच खुर्ची होती. ग्रामसेवक आला, लस टोचणारी बाई आली, की खुर्ची बाहेर निघायची.

"नको गो, भुईवर बसतो," सुदाम म्हणाला.

लहानीने पदराच्या टोकाने खुर्ची पुसली.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. ती मांडवाच्या मेढीला टेकून उभीच राहिली, आणि तो काय सांगायला आला आहे याची अदबीने वाट पाहू लागली.