वर्नाचं कपाळ आणि माझी काच

मी एक जुनं काचेचं घर आहे, आणि गेल्या मंगळवारी मी वर्ना ऑस्टरमन नावाच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईचं कपाळ फोडलं. सहा टाके पडले.

मित्रांनो, असं काही घडलेलं नाही. वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू, म्हणजे रीतीला धरून होईल.

माझा जन्म १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झाला. डोक्यावर सपाट छप्पर, आणि डोंगराच्या बाजूला भिंतीऐवजी जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच. बैठकीची फरशी तशीच पुढे अंगणात जाते आणि पोहण्याच्या तलावाशी थांबते. मध्ये उंबरठा नाही. माझा नकाशा काढणारा वास्तुकार म्हणाला होता, "आत कुठं संपलं आणि बाहेर कुठं सुरू झालं, हे कुणालाही कळता कामा नये."

तो यशस्वी झाला. कुणालाही कळलं नाही. पोस्टमन दार शोधत शोधत तलावात पडला. लावा पक्ष्यांचं एक कुटुंब सोफ्याखाली राहायला आलं. वर्नाने त्यांना हाकललं, तेव्हा घर त्यांचं आणि पाहुणी ती, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

वर्नाचा नवरा ड्वाइट. दर शनिवारी तो व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन माझी काच पुसायचा. इतकी पुसायचा की काच उरायचीच नाही. मग पाच वाजता शेजारी तलावाकाठी जमले की तो पेयांचा ट्रे घेऊन निघायचा आणि स्वतःच पुसलेल्या काचेवर आपटायचा.

"ड्वाइट, काच बंद आहे," वर्ना बाहेरून सांगायची.

"आत्ताच कळलं," तो आतून म्हणायचा.

एका उन्हाळ्यात त्याचं नाक दोनदा मोडलं. त्याच उन्हाळ्यात माझा फोटो मासिकात छापून आला. खाली लिहिलं होतं, 'जणू काच नाहीच'. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ड्वाइटनेही केलं, नाकातून. मला मात्र तेव्हापासून चोरट्यासारखं होतं.

पुढे माझी फॅशन गेली. लोकांना जाड भिंती आणि छोट्या खिडक्या आवडू लागल्या. ड्वाइट वारला. हृदयविकाराने वारला, नाकाने नव्हे. तरी मी वार तपासून पाहिला. शनिवार नव्हता. वर्नाने काच पुसणं सोडून दिलं. वाळूची वादळं येऊन गेली, धुळीवर ओघळ सुकले, काच कढीसारखी दिसू लागली. अशा वेळी माझ्यासारख्याने 'मला आता कुणी विचारत नाही' म्हणून हळहळायचं असतं. पण मित्रांनो, त्या वीस वर्षांत माझ्यावर एकही माणूस आपटला नाही. तेवढीच माझी सुखाची वर्षं.

मग फॅशन परत आली. तिच्या मागोमाग एक बिल्डर मला पाडायला आला. वर्नाची मुलगी पेगी धावली. तिने वारसा जतन समितीकडे अर्ज केला, आणि मी वाचलो, म्हणजे माझ्या दाराशी पितळी पाटी लागली. पाटीबरोबर नियमावली आली. १९५८ साली पडदा नव्हता, म्हणून पडदा नाही. १९५८ साली धूळ नव्हती, म्हणून धूळ नाही. दर सोमवारी समितीचा माणूस काच पुसायला येऊ लागला.

तोवर वर्नाच्या नजरेत मधोमध काळा डाग बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तिने काचेवर नारिंगी चिकटपट्टी लावली. लगेच समितीचे मिस्टर ब्लाउंट आले. गुलाबी पँट, पायात मोजे नाहीत.

"मॅडम, ही पट्टी १९५८ची नाही."

"मीपण तेव्हा अशी नव्हते. मलाही काढणार का?"

"व्यक्तींबाबत नियमावलीत काही नाही."

"नशीब माझं."

"लोक घर बघायला येतात. त्यांना डोंगर दिसायला हवा."

"आणि मला काच दिसायला हवी."

मिस्टर ब्लाउंट यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पट्टी सोलून काढली.

आता तो मंगळवार. तो घडलेला नाही, पण कसा घडला ते सांगायला हवं. वर्ना गार चहाचा पेला घेऊन अंगणातल्या खुर्चीकडे निघाली. ती नऊ पावलांवर होती तेव्हापासून मला दिसत होती. सरकणं माझ्या हातात नाही, पण उन्हात छप्पर कुरकुरवता येतं. तेवढ्यानेही ती थांबली असती. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्यातून डोंगर फार सुरेख दिसत होता, आणि माझं सगळं लक्ष आपण कसे दिसतो याकडे होतं.

पेगी फिनिक्सहून आली.

"आई, आणखी एकदा असं झालं तर तू माझ्याकडे राहायचं. तिकडे भिंती आहेत."

"भिंतीकडे बघत बसू?"

"तुला तसंही कुठे दिसतं?"

"डोंगर दिसतो. मान जरा वळवली की कडेने येतो बिचारा. तुझ्या भिंतीकडे मान वळवली तर दुसरी भिंत येईल."

पेगी टाक्यांकडे बघत राहिली. "अर्ज मीच केला होता ना."

"अर्ज चांगला होता गं," वर्ना म्हणाली. "अक्षर किती सुरेख होतं."

आणखी एकदा आपटली की वर्ना पेगीकडे. एवढंच ठरलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे सगळे शेवटी 'आम्हाला स्वच्छ ठेवा' म्हणून विनवतात. माझं निवेदन पुढीलप्रमाणे :

प्रति,
मा. अध्यक्ष, वारसा जतन समिती.
विषय : काच न पुसण्याबाबत.

महोदय,
श्रीमती ऑस्टरमन येथे राहतात तोवर अर्जदार घराला मळण्याची परवानगी मिळावी. संपूर्ण काचेस मंजुरी देणे शक्य नसल्यास, जमिनीपासून पाच फुटांवर हातभर रुंदीचा धुळीचा पट्टा तरी मंजूर करावा. त्यामुळे डोंगर तेवढा कमी दिसेल, याची अर्जदारास जाणीव आहे. पुसणारा माणूस सोमवारी सकाळी आठ वाजता येतो. तरी निर्णय त्यापूर्वी व्हावा, ही नम्र विनंती.