झाकणावरचा हात

मी एक जुना इलेक्ट्रिक पियानो आहे. सध्या माझ्या झाकणावर इस्त्रीचे कपडे, मोडकी छत्री आणि कोणाचे तरी हेल्मेट असते, त्यामुळे नवा माणूस मला टेबलच समजतो. समजू द्या. पण मित्रांनो, टेबलाच्या पोटात कधी सूर असतात का?

माझ्या पोटात आहेत. माझ्या प्रत्येक पट्टीमागे एक छोटी हातोडी आहे आणि हातोडीसमोर एक पोलादी काडी. पट्टी दाबली की हातोडी काडीवर बसते, काडी थरथरते आणि तिचा आवाज वायरीतून स्पीकरपर्यंत जातो. कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी माझी एकेक काडी वाजवून, ऐकून सुरात आणली होती. मला खोक्यात भरताना त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा, नाव काढ."

मी ज्या घरात आलो तिथे एक भाऊ आणि त्याची मोठी बहीण राहत. भावाला सगळे ढब्बू म्हणत, कारण लहानपणी तो तसाच होता. बहिणीला सगळे ताई म्हणत. ढब्बू वाजवायचा, ताई गायची. हॉटेलांत, कंपन्यांच्या समारंभांत, शाळांच्या सभागृहांत आम्ही तिघे मिळून कार्यक्रम करायचो. लोक माझ्या आवाजाचे कौतुक करत आणि मी आतल्या आत फुगून जाई.

ताईची एक सवय होती. ती माझ्या शेजारी उभी राही आणि गाताना एक तळहात माझ्या झाकणावर टेकवी. लोकांना ती ऐट वाटे. ढब्बूला वाटे, उभे राहून तिचे पाय दुखत असतील. खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ताईला कानांनी हळूहळू कमी ऐकू येऊ लागले होते. हॉलच्या गोंगाटात माझा सूर तिच्या कानापर्यंत धड पोहोचत नसे. तो तिला तळहातातून कळे. माझी थरथर लाकडातून तिच्या हातात जाई आणि तिचा गळा बरोबर त्या सुरावर येऊन बसे. गंमत म्हणजे हे खुद्द ताईलाही माहीत नव्हते. ती आपली सवय म्हणून हात ठेवायची.

माझे वजन मात्र कोणालाच गोड लागत नसे. "हा पियानो आहे की म्हैस?" असे टेम्पोचा ड्रायव्हर दर वेळी विचारी. एकदा मला जिन्यावरून उतरवताना ढब्बूची कंबर धरली आणि तो घामाघूम होऊन पायरीवरच बसून राहिला. डॉक्टरांनी जड उचलायचे नाही म्हणून बजावले. त्यात त्याची काय चूक?

मग नवा कीबोर्ड आला. ढब्बूच्या खांद्याला पिशवीत लटकत आला. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की चक्क मी! हुबेहूब माझा आवाज ऐकून मी गारच पडलो.

"बघ ताई, आपला जुना यातच आहे," ढब्बू म्हणाला.

"मग आता म्हैस विकायला हरकत नाही," ताई हसून म्हणाली.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत मला भिंतीला लावले आणि सराव सुरू झाला. ताईचा हात सवयीने नव्याकडे गेला. त्याचा स्टँड डुगडुगला.

"ताई, हात काढ गं. हलतंय सगळं."

ताईने हात काढला. त्या हाताचे काय करावे हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे धरले. आणि गाताना तिचा सूर उतरला. "जरा वर घे," ढब्बू म्हणाला. मग, "अजून थोडं वर." मग तो नुसताच वाजवत राहिला. मला सगळे कळत होते, पण पट्टी दाबल्याशिवाय मला तोंड कुठे आहे?

काही कार्यक्रम तसेच पार पडले. मग एका हॉटेलच्या मॅनेजरने गायिका दुसरी आणा, असे सुचवले. "गळा गेला रे माझा, वय झालं," ताई म्हणाली. "तसं काही नाही गं," ढब्बू म्हणाला, पण त्याने फार आग्रह धरला नाही. ताईचे गाणे तिथेच थांबले. पुढे कित्येक वर्षे ती माझ्यावर कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिचा तळहात रोज माझ्यावर फिरे आणि मी खाली मुका. याचे मला फार वाईट वाटे.

परवा जुन्या वाद्यांचा एक दुकानदार मला बघायला आला. माझी वायर सापडेना, म्हणून ढब्बू तसाच बसला आणि एक जुने गाणे वाजवू लागला. विजेशिवाय माझा आवाज कुजबुजीएवढाच निघतो. ताई कपडे उचलायला आली होती. तिचा एक हात झाकणावर होता. ती नकळत गुणगुणू लागली, आणि एकेक सूर जागच्या जागी लागला.

ढब्बू वाजवायचा थांबला. त्याने बहिणीकडे पाहिले, मग तिच्या हाताकडे. त्याने तो हात हळूच उचलून धरला आणि दुसऱ्या हाताने तीच ओळ वाजवली. ताईचा सूर उतरला. त्याने हात पुन्हा माझ्यावर ठेवला. सूर लागला.

"ताई, तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मलाच कुठे माहीत होतं रे? तू हात काढ म्हणालास, मी काढला."

दुकानदार रिकाम्या हाताने परत गेला. आता दुपारी भाऊ वाजवतो, बहीण गाते आणि कपड्यांचा ढीग ऐकतो. ताईला लवकर दम लागतो. तिला ऐकायला आता कोणी येत नाही, आणि गेलेली वर्षे मलाही परत वाजवून दाखवता येत नाहीत.

मित्रांनो, नवे जरूर घ्या. कोणाची कंबर मोडून मला मिरवायचे नाही. पण जुने बाजूला सारण्याआधी, त्यावर कोणाचा हात टेकलेला आहे ते बघा. आणि तो हात काढायला सांगण्याआधी, तो तिथे का आहे एवढे विचारा. मला सांगता आले नाही. तुम्हाला विचारता येते.