ओटीला न लागलेला हात

"बायजे, तू आपली नारळ सोलून दे. ओटी भरायला वरल्या आळीच्या बाया येतायत," थोरली जाऊ नीराबाई म्हणाली आणि बायजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

ओटी नीराबाईच्या लेकीची, नेत्राची. मुंबईत मेंदूवर संशोधन करणारी ही पुतणी सातव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी नागावला आली होती. तिथून रो-रो बोटीने, चांगला समुद्र ओलांडून. आल्या आल्या आईने दृष्ट काढली, पाय चेपले. आणि बायजा? दिपेश पोटात असताना बाप अंथरुणाला खिळला म्हणून ती आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला, माहेरी गेली. पोटुशीने खाडी ओलांडू नये म्हणे! पुढे दिपेशला आकड्या येऊ लागल्या आणि थोरल्या जावेने तो दोष बायजाच्या माथी मारला. तेव्हापासून सवाष्ण असूनही तिला कुणा पोटुशीची ओटी भरू दिली नव्हती.

'हिच्या पोरीला समुद्र चालतो, मला खाडी बाधते. वा रे न्याय!' बायजाने नारळ असा सोलला, जणू जावेचंच डोकं.

जळत होती ती, खोटं कशाला बोला? नेत्राच्या शिक्षणावर, जावयावर, त्या भरल्या पोटावर. दिपेशला आकडी आली की लहानगी नेत्रा त्याचं डोकं मांडीवर धरायची. त्यातूनच तिला या अभ्यासाचं वेड लागलेलं. 'माझ्या लेकराच्या दुखण्यावर हिची लेक मोठी झाली!'

तेवढ्यात नेत्राच मागच्या पडवीत आली.

"काकी, दिपेशचं रक्त तपासायला नेलं होतं ना, त्याचं कळलं. तुझा काही दोष नाही."

"मंग कोनाचा?"

"कुणाचाच नाही. मेंदूत आवर घालणाऱ्या पेशी असतात. बाकीच्या उधळल्या की त्यांना 'थांब' म्हणणाऱ्या. त्या मेंदूच्या वरच्या थरात जन्मतच नाहीत. खाली, लांब कुठेतरी जन्मतात आणि बाळ पोटात असताना वाट काढत वर येतात. दिपेशच्या बऱ्याच वाटेतच राहिल्या, म्हणून आकड्या. चूक अगदी बीजातच पडली होती, तू बोटीत बसायच्या कितीतरी आधी."

"म्हंजे खाडीनं न्हाय?"

"खाडीनं नाही गं."

बायजाने हातातला नारळ खाली ठेवला. रडू आलं आणि रागही. हे सुखसुद्धा जावेच्याच पोरीच्या हातून घ्यायचं!

"ह्ये तुझ्या आयशीसमोर बोल," ती म्हणाली. "समद्या बायांसमोर."

नेत्रा बोलली. पाटावर बसल्या बसल्या, मोठ्याने. "पहिली ओटी बायजाकाकी भरेल. खाडीने बाळाला काही होत नाही, आई. होत असतं तर मी समुद्रावरून आले, माझं काय?"

बाया नीराबाईकडे बघू लागल्या. नीराबाईचा चेहरा खर्रकन उतरला. बायजाला वाटलं होतं, हा चेहरा बघून काळजाला गारवा मिळेल. पण तोही धड मिळाला नाही.

"ये बायजे," नीराबाईने खाली बघतच ताट पुढे केलं. "भर तू."

बायजाने तांदूळ घातले, नारळ घातला. पदराखाली नेत्राचं पोट हललं आणि बायजाच्या मनात पुन्हा जळजळलं. हिच्या पोटात सगळं नीट होईल, मग माझ्याच पोटात का नाही झालं? दाराशी दिपेश बसला होता, आईकडे बघून हसत होता.

बाया आशीर्वादाची वाट बघत होत्या. बायजाने नेत्राच्या पोटाला हलकेच हात लावला.

"समद्या नीट वर पोचा गं बायांनो," ती पुटपुटली. "येक पन वाटंत राहू नका."